वई की तार?

मराठी शिकविणाऱ्या बाईला लोक काय काय विचारतात, याची एकदा यादीच करायला हवी. बारशाला नाव सुचवा, लग्नपत्रिकेचा मजकूर तपासून द्या, नव्या बंगल्याला शोभेलसे नाव सांगा. एवढ्याची मला सवय आहे. पण गेल्या वैशाखात धुळ्याहून माझ्या दोन्ही भावांचे दोन दिवसांच्या अंतराने फोन आले, आणि दोघांनीही एकच प्रश्न विचारला, तेव्हा मात्र मी गोंधळले. प्रश्न असा होता : परसात मधोमध तार घालावी की वई लावावी?

दादाचा कौल तारेला होता, धाकट्याचा वईला. आणि दोघांनीही फोन ठेवता ठेवता जवळजवळ एकाच शब्दांत सांगितले, "आलीस की त्या हक्कसोडपत्रावरही सही करून टाक."

आमचे माहेरचे घर पांझरेपलीकडे देवपुरात. अण्णा शाळामास्तर. घर त्यांनी कर्ज काढून बांधले, पण परस मात्र हाताने घडविला. सत्तर फूट लांब आणि अठ्ठेचाळीस फूट रुंद असा तो तुकडा. मध्ये विहीर, विहिरीशेजारी पारिजातक, एका अंगाला शेवगा, दुसऱ्या अंगाला पेरू आणि लिंबू, आणि अगदी मागे कडुनिंब. अण्णांनी मृत्युपत्र करून घराचे दोन सारखे भाग दोन मुलांना लिहून दिले. परसाबद्दल मात्र त्यात चकार शब्द नव्हता. विसरले म्हणावे, तर अण्णा वाण्याच्या हिशेबातले आठ आणेसुद्धा विसरत नसत. परस वाटण्याची वस्तू आहे हेच त्यांच्या मनात आले नसावे, असे मला वाटते. आई तर आधीच गेलेली. त्यामुळे अण्णांच्या मागे मिळकत पत्रिकेवर परसाला आम्हा तिघांची नावे लागली.

भांडण शेवग्याच्या शेंगांवरून झाले, असे आळीत सगळे सांगतात. ते खरे नाही. शेंगांवरून भांडण होत नसते. शेंगा फक्त हाताशी असतात. अण्णांच्या आजारपणात रात्रीची जागरणे धाकट्याने केली आणि पैसा दादाने ओतला. दोघांनाही आतल्या आत वाटत राहिले, की आपलेच पारडे जड. अण्णा होते तोवर हा हिशेब त्यांच्यापुढे मांडण्याची कुणाची छाती नव्हती, आणि ते गेल्यावर मांडायला माणूस उरला नाही. तो मग शेंगांवर निघाला, विहिरीच्या पंपावर निघाला, पोरांच्या चेंडूवर निघाला. गेल्या दिवाळीत तर दोघे बोलायचेही थांबले. भाऊबीजेला मी एकाच घरात दोन स्वयंपाकघरांत दोन पाट मांडून दोनदा ओवाळले. दोन्हीकडे करंज्या उत्तम झाल्या होत्या. घशाखाली मात्र एकही उतरली नाही.

तेव्हा प्रश्न दिसायला कुंपणाचा असला, तरी तो तेवढाच नाही हे मला कळत होते. रविवारी सकाळी मी जळगावच्या स्थानकावर धुळ्याची गाडी धरली.

हा नव्वद-एक किलोमीटरांचा रस्ता. एरवी मी उत्तरपत्रिका तपासत जाते. त्या दिवशी डोक्यात कुंपण बसलेले, त्यामुळे खिडकीतून नुसती कुंपणेच दिसू लागली. बांभोरीला गिरणेचा पूल लागतो, त्या बाजूला केळीच्या बागा आहेत. बागेच्या कडेने शेवरीची किंवा गजराज गवताची उंच दाट रांग असते. आपल्याकडच्या उन्हाळी वाऱ्यात केळीच्या पानांच्या चिंध्या होतात आणि झाडे झोपतात. म्हणून ही जिवंत भिंत. तिथे विटांची भिंत का बांधत नाहीत? तर भिंतीवर आदळलेला वारा वरून उडी मारतो आणि पलीकडे अधिकच धिंगाणा घालतो. झाडांची ओळ वारा अडवीत नाही, गाळून घेते. थोडा येऊ देते, पण त्याची नांगी मोडते.

एरंडोलच्या पुढे कपाशीची उन्हाळ्यातली उघडी राने लागली. कुठे नुसता बांध, तर कुठे बांधावर बाभळीच्या फांद्या टाकून केलेले काट्यांचे कुंपण. शेजारी एक म्हातारेबुवा बसले होते. मी सहज विचारले, "बाबा, तार बरी की वई?" ते हसून म्हणाले, "ताई, तार एक दिनमा व्हई जास, वईले तीन वरीस लागतस. पन तार वाढस नही." एवढे बोलून त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि डुलकी काढली. माझे मात्र डोळे उघडे राहिले.

पारोळ्याच्या बाहेर शेते संपून प्लॉट सुरू झाले. चार दगडी खांब, चार पदरी काटेरी तार, मध्ये मालकाच्या नावाची पाटी, आणि आत वाळलेले गवत. काटेरी तारेचे हे बाड तसे फार जुने नाही. अमेरिकेत इलिनॉयमधील ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने १८७४ साली तिचे पेटंट घेतले, आणि मोकळी कुरणे पाहता पाहता चौकोनांत बंदिस्त झाली. तारेचा गुण नाकारण्यात अर्थ नाही. ती जागा खात नाही, पाणी पीत नाही, सकाळी लावायला घेतली तर संध्याकाळी उभी असते. तिच्यावर भांडणही होत नाही, कारण ती खांबाच्या जागेवरून इंचभर हलत नाही. मालक दहा वर्षे फिरकला नाही तरी ती त्याच्या वतीने उभी राहते. पाटीवरचे नाव पुसट होते, तार राहते.

पारोळे सोडले, की जिल्हा बदलतो. केव्हा बदलला हे गाडीत बसलेल्या माणसाला पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. खानदेश १९०६ पर्यंत एकच जिल्हा होता. त्या साली त्याची वाटणी होऊन जळगावचा पूर्व खानदेश आणि धुळ्याचा पश्चिम खानदेश झाला. पुढे धुळ्याच्या वाट्यातूनही १९९८ साली नंदुरबार वेगळे निघाले. म्हणजे आम्ही तीन भावंडे आणि खानदेशाचेही तीन हिस्से! कचेऱ्या वेगळ्या झाल्या, दप्तरे वेगळी झाली. पण भरताची वांगी, कळण्याची भाकरी, श्रावणातली कानबाई आणि अहिराणी बोली यांची वाटणी करायला कुणी मोजणीदार आला नाही. लेकी इकडच्या तिकडे जात राहिल्या, आणि माझ्यासारख्या तिकडच्या इकडे. हद्द होती, पण तिच्यावरून रोज जा-ये होती. ती जा-ये आहे म्हणून हद्द कुणाला टोचली नाही.

दुपारी घरी पोहोचले. दोन्हीकडे चहा घेतला, नाही तर दुसऱ्याला राग! संध्याकाळी विहिरीच्या कट्ट्यावर मी दोघांना बोलाविले. दादा पारिजातकाकडे तोंड करून बसला, धाकटा पेरूकडे. मध्ये मी, आणि दोन्ही स्वयंपाकघरांच्या दारांत दोघी वहिनी.

दादाने आपली बाजू मांडली. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेला माणूस. मुद्दे क्रमांक घालून आले. एक, तारेला जागा लागत नाही. दोन, धुळ्यात पाण्याची टंचाई काय असते ते तुम्हाला सांगायला नको. वईला पाणी कुठले घालणार? तीन, वईत साप-विंचू राहतात. चार, वई पसरते. आज अर्धा फूट इकडे आली, उद्या एक फूट. मग पुन्हा कटकट. "एकदाचा खांब रोवला, की विषय संपला," तो म्हणाला.

धाकट्याने क्रमांक घातले नाहीत. तो म्हणाला, "तारेतून सगळं दिसतं, ताई. मी काय जेवतो, कोण आलं, कोण गेलं. मला उंच, दाट वई पाहिजे. डोक्यावर जाईल अशी."

मला हसू आले आणि वाईटही वाटले. मला वाटले होते, तार मागणारा तोडू पाहतो आहे आणि वई मागणारा जोडू पाहतो आहे. प्रत्यक्षात दोघांनाही एकच गोष्ट हवी होती : दुसरा नसल्यासारखा व्हावा.

मग मी माझे मास्तरकीचे हत्यार काढले. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ साली देह ठेवला, आणि ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तिथे उभे आहे, त्या गावात शब्दाच्या कुळाची चौकशी केली तर कुणी नावे ठेवणार नाही. 'वई' हा शब्द संस्कृत 'वृति'वरून आला. वृति म्हणजे वेढा, कुंपण. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे, की शेताची वृति इतकी उंच असावी की उंटालाही पलीकडचे दिसू नये, आणि कुत्र्याचे किंवा डुकराचे तोंड शिरेल असे एकही भोक तिला ठेवू नये. हे ऐकल्यावर धाकट्याचा चेहरा खुलला. मी म्हटले, "थांब. ती वृति शेजारच्या गुरांसाठी आहे, भावासाठी नाही. भावाभावांच्या आणि गावागावांच्या शिवेसाठी पुढे वेगळं सांगितलंय."

ते असे, की शिवेवर वड, पिंपळ, पळस, सावर अशी झाडे लावावीत. शमी, वेळू, वेली, झुडपे लावावीत. आणि जमिनीखाली कोळसा, राख, खापऱ्या, विटा, वाळू, हाडे असल्या लवकर न कुजणाऱ्या वस्तू पुरून ठेवाव्यात; कारण माणसे शिवेबद्दल नेहमीच चुकतात. म्हणजे खरी हद्द जमिनीखाली गुपचूप असू द्यावी, आणि जमिनीवर जे दिसेल ते सावली देणारे असावे! मनूची पुष्कळ मते आज आपल्याला पटत नाहीत आणि पटूही नयेत. पण शिवेवर झाड लावणारा माणूस निदान एवढ्यापुरता शहाणा होता. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो, तेही शमीपाशी जातो. शीव आखायची ती वर्षातून एकदा तरी ओलांडता यावी म्हणून, असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे.

मोठ्या वहिनी दारातून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही वईच्या बाजूच्या. दिसतंच आहे."

"नाही वहिनी," मी म्हटले, "वईनेही माणसांना कमी छळलेलं नाही." आणि मी त्यांना जगातल्या बहुधा सर्वांत लांब वईची गोष्ट सांगितली. ती वई आपल्या फार लांबची नव्हे; खांडव्यावरून, म्हणजे भुसावळहून गाडीने दोन-अडीच तासांवर असलेल्या गावावरून ती गेली होती.

इंग्रजांनी मिठावर कर बसविला, आणि पश्चिमेकडचे स्वस्त मीठ चोरून आपल्या मुलखात येऊ नये म्हणून देशाच्या पोटातून आडवी जकातीची रेषा काढली. वायव्येकडून सिंधूपासून निघून दिल्ली, आग्रा, झाशी, होशंगाबाद, खांडवा, चांदा, रायपूर असे करीत ती ओरिसापर्यंत जाई. १८६९ च्या सुमारास ही रेषा सुमारे २,३०० मैल लांब होती आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे पहाऱ्याला होती. पहारा सोपा व्हावा म्हणून प्रथम तिच्यावर वाळलेल्या काट्यांचे कुंपण घातले. पण ते वाळवीने खाल्ले, वणव्यात जळाले, वाऱ्यात उडाले, आणि दर वर्षी नव्याने गाड्या भरभरून काटे आणावे लागले. तेव्हा जकातीचे कमिशनर ए. ओ. ह्यूम यांनी ठरविले, की कुंपण जिवंत पाहिजे. १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम! मग बोरी, बाभळी, करवंदी, निवडुंग, थोर यांची वई लागली. जिथे जमीन वाईट तिथे चर खणून दुसरीकडची माती आणून भरली. चांगली वाढली तिथे ती दोन पुरुष उंच झाली आणि तितकीच रुंद. आपलेच बोर, आपलीच बाभूळ. आणि तिच्या पलीकडचे मूठभर मीठ आपल्याच माणसाला महाग.

१८७९ साली सरकारने ही रेषा मोडली, कारण तोवर मिठाचा कर उगमापाशीच वसूल करण्याची सोय झाली होती. पहारेकरी गेले, कात्री गेली, पाणी गेले, आणि एवढी अजस्र वई पाहता पाहता नाहीशी झाली. शंभर-सव्वाशे वर्षांनी रॉय मॉक्सहॅम नावाचे एक इंग्रज गृहस्थ तिचा माग काढीत हिंडले. त्यांना इटावा जिल्ह्यात तिचा एक लहानसा अवशेष सापडला, आणि २००१ साली त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले. लोकांच्या स्मरणातूनही ती गेली होती.

"मग यातून काय घ्यायचं?" दादाने विचारले. मला आनंद झाला, कारण तो आता पारिजातकाकडे बघत नव्हता.

मी म्हटले, "दोन गोष्टी. वई झाडांची आहे म्हणून ती प्रेमाची होत नाही. ती कशासाठी लावली त्यावर आहे. आणि दुसरी, वई ठेवणाऱ्याच्या इच्छेवर जगते. तार तुम्ही विसरलात तरी राहते. वई विसरलात, की एक तर रान होते नाही तर मरते. तेव्हा तुम्हा दोघांना एकमेकांना विसरायचंच असेल, तर दादा म्हणतो तेच बरोबर आहे. तार घाला. स्वस्त पडेल."

यावर कुणीच बोलले नाही. कडुनिंबावर साळुंक्यांचा कलकलाट तेवढा चालला होता. मग धाकटा हळूच म्हणाला, "आणि विसरायचं नसेल तर?"

तेव्हा मी पिशवीतून हक्कसोडपत्राचा कागद काढला.

हा कागद आपल्याकडे किती सहज पुढे येतो, हे वाचक भगिनींना सांगायला नको. मुलीला बापाच्या स्वतः कमावलेल्या मिळकतीत मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित एकत्र मिळकतीतही तिला जन्मतः मुलाच्या बरोबरीने हक्क मिळाला. कायदा झाला, पण चहाचा कप पुढे करावा तसा हा कागद बहिणीपुढे करण्याची रीत काही गेली नाही. भावांच्या मनात पाप असते असे नाही. माझ्या भावांच्या मनात नव्हते. बहीण सही करते ही गोष्ट त्यांना पांझरेच्या पाण्यासारखी उताराचीच वाटते. आणि बहीणही करते. कारण सही केली नाही तर माहेर तुटेल ही भीती तिला असते. मीही पेन घेऊनच आले होते. पण त्या म्हातारेबुवांचे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

मी म्हटले, "परसात माझा तिसरा हिस्सा, म्हणजे सोळा फूट. त्यातले बारा फूट मी सोडते. सहा इकडे, सहा तिकडे. चार फूट मात्र सोडायची नाही. मधोमध, घरापासून कडुनिंबापर्यंत, चार फूट रुंदीचा पट्टा माझ्या नावावर राहील. त्यात मी वई लावणार. वई तुमची नाही, तुमच्यापैकी कुणाचीच नाही. ती माझी."

धाकटी वहिनी आतून बाहेर आली. "आणि ताई, पाणी कोण घालणार? तुम्ही जळगावला!"

"एक आठवडा तुम्ही, एक आठवडा मोठ्या वहिनी. माझ्या वतीने. माहेरवाशिणीचं एवढं काम करायला काय हरकत आहे?"

दादा बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरीत बसला. मग त्याने आत जाऊन अण्णांचा जुना कापडी टेप आणला आणि त्याचे एक टोक धाकट्याच्या हातात दिले. तोंडाने काही बोलला नाही. सत्तर फूट मोजायचे, तर दुसरे टोक कुणाला तरी धरावेच लागते.

आता वाचकांपैकी ज्यांना आपल्या परसात असेच काही करायचे असेल, त्यांच्यासाठी आम्ही काय केले ते थोडक्यात सांगते. झाडांत आम्ही मेंदी निवडली. कोयनेल लवकर वाढते आणि गुरे तिला तोंड लावीत नाहीत, पण तिला वरचेवर कापावे लागते. ड्युरांटा दिसायला गोजिरवाणी, पण तिला पाणी अधिक. करवंद आणि चिलार शेताला उत्तम. घरात पोरे असतील तर नको. निवडुंगाचे तर नावच काढू नये. कुंपणाला म्हणून आणलेला परदेशी निवडुंग आपल्या देशात इतका माजला, की १९२६ साली दक्षिणेत त्याच्यावर मुद्दाम कीड आणून सोडावी लागली. घाणेरीही अशीच बागेची शोभा म्हणून आली आणि डोंगर व्यापून बसली. मेंदी आपल्या उन्हाला सरावलेली. एकदा जीव धरला, की थोडक्या पाण्यात तग धरते, फुले बारीक पण वासाची, आणि पाने तर घरातल्या बायकांच्या हक्काची!

मृग निघाल्यावर दीड फूट खोल चर खणला, कुजलेले शेणखत घातले, आणि पेन्सिलीएवढ्या जाडीचे मेंदीचे फाटे दोन ओळींत लावले. फूट-फूट अंतरावर, पण समोरासमोर नव्हे, तर एका ओळीच्या खंडापुढे दुसऱ्या ओळीचे रोप येईल असे. रोपे वीतभर झाली, की शेंडे खुडायचे. मन होत नाही, पण खुडले नाही तर वई वर वाढते आणि बुडाशी उघडी पडते, आणि मग शेळी बरोबर बुडातूनच आत येते. कापताना खाली रुंद आणि वर निमुळती ठेवावी, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते. उंची आम्ही कमरेएवढी ठरविली आहे. उंट दिसला तरी चालेल, पण भाऊ दिसला पाहिजे.

दादाचा मुद्दाही सोडला नाही. तीन वर्षे रोपांना राखण लागणारच; म्हणून दोन्ही बाजूंना हलके लोखंडी खांब रोवून जाळी लावली आहे. वई धरली, की ती काढायची. ह्यूमसाहेबांच्या वईलाही आधी वाळलेले काटेच राखीत होते. शेवटी कडुनिंब आला, तो नेमका रेषेवर. कुणीतरी सुचविले, की तोडून टाका. पण शहरातले झाड परवानगीवाचून तोडता येत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ पासून कायदा आहे. आणि कायदा नसता तरी अण्णांचा कडुनिंब तोडणारा हात आमच्या घरात नव्हता. तो राहिला, वई त्याच्यापाशी संपते. विहिरीजवळ तीन फुटांची खिंड ठेवली आहे, पंपासाठी. निदान कागदावर तरी पंपासाठी.

बागेची कात्री मी घेऊन दिली, एकच. ती विहिरीच्या खांबाला खिळ्यावर टांगलेली असते. धाकटा म्हणाला होता, "दोन घेऊ या ना, स्वस्त आहेत." मी ऐकले नाही.

सगळे आता गोड झाले, असे लिहिले तर वाचकांना बरे वाटेल, पण ते खरे होणार नाही. शेवग्याच्या शेंगांचा प्रश्न तसाच आहे. अण्णांच्या आजारपणाचा हिशेब कुणी मांडला नाही आणि तो बहुधा मांडला जाणारही नाही. दसऱ्याला मी सोने द्यायला गेले तेव्हा वई गुडघ्याएवढी झाली होती. मांजर अजून तिच्यावरून उडी मारून जाते.

परवा दादाचा फोन आला. आवाज चढलेला. "तुझ्या त्या भावाला काही कळत नाही. वई तिरपी कापून ठेवली आहे. मी त्याला सांगितलं, दोरी बांधून काप. तर म्हणतो, मलाच शिकवू नकोस, तूच मागच्या वेळी खाली जास्त कापलीस. अर्धा तास हुज्जत घातली माझ्याशी. तू ये आणि सांग त्याला."

मी म्हटले, "येते. भाऊबीजेला येणारच आहे." आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मला बरे वाटत राहिले. गेल्या दिवाळीत दादाची धाकट्याबद्दल काहीच तक्रार नव्हती.

यंदा पाट कुठे मांडायचे ते मी अजून ठरविलेले नाही. विहिरीजवळ त्या खिंडीत तीन फूट जागा आहे. दोन पाट बसतील की नाही, हे मात्र टेप लावून बघायला हवे.